रात्रीचा एसी आणि चंद्रपूरचे ढिगारे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा लागला की वीजबचतीच्या सूचना छापून येऊ लागतात. खोलीबाहेर पडताना दिवा मालवा, मोबाइलचा चार्जर काढून ठेवा, वर्षातून एकदा तासभर अंधार करा. यातले काही चुकीचे नाही, पण हिशेबात याचे वजन फार थोडे. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज तासभर विनाकारण जळला तर महिन्याला पाव युनिट जाते. त्याच घरातला दीड टनाचा जुना एसी एका रात्रीत आठ-नऊ युनिट खातो. वीज वाचवायची ती बिलासाठी, असे आपण धरून चालतो, म्हणून हा फरक डोळ्यांत भरत नाही. बिलामागे असलेल्या खाणीकडे पाहिले की तो भरतो.

एका युनिटपासून सुरुवात करू. देशी कोळशाचा उष्मांक किलोला साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी. औष्णिक केंद्राला एक युनिट तयार करायला सुमारे २,४०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा. तयार झालेल्या विजेतली सहा-सात टक्के वीज केंद्राचे स्वतःचेच पंप, पंखे आणि कोळसा दळणाऱ्या गिरण्या वापरतात. उच्चदाब वाहिन्या, रोहित्रे आणि गल्लीतल्या केबली यांत आणखी सात-आठ टक्के जाते. तुमच्या मीटरवर एक आकडा सरकतो तेव्हा कुठेतरी पाऊण किलो कोळसा जळालेला असतो. त्यात ३५ ते ४० टक्के राख असते. दोन बेडरूमच्या घराचे मे महिन्याचे ४०० युनिटचे बिल घेतले, तर ३०० किलो कोळसा आणि सिमेंटच्या दोन गोण्या भरून वर उरेल एवढी राख.

कोळसा वर येण्याआधी त्याच्या डोक्यावरची माती आणि खडक काढावा लागतो. खाणीतली माणसे त्याला नुसते ‘ओबी’ म्हणतात. देशातल्या खुल्या खाणींत टनामागे सरासरी दोन ते तीन घनमीटर ओबी निघतो. विदर्भात थर खोल आणि कोळसा तुलनेने पातळ, तिथे हाच आकडा पाचच्या आसपास जातो. ३०० किलो कोळशासाठी दीड घनमीटर, वजनात तीन टनांहून जास्त. ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या चार खेपा, एका घराच्या एका महिन्याच्या बिलापायी.

मुंबईची सगळीच वीज कोळशाची नाही, हे आधीच सांगितलेले बरे. खोपोली, भिवपुरी आणि भिरा या टाटांच्या तीन जलविद्युत केंद्रांतून मिळून ४४७ मेगावॉट मिळतात. खोपोली १९१५ पासून चालू आहे. ट्रॉम्बेला एक वायूवर चालणारा संच आहे, आणि अलीकडे करारांतून सौर व पवन वीजही येते. (जलविद्युत म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. भिऱ्याचे पाणी मुळशीचे, आणि त्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता.) बाकीचा भार मात्र कोळशावर. ट्रॉम्बेचे ५०० आणि २५० मेगावॉटचे दोन संच, डहाणूचे २५० मेगावॉटचे दोन संच, आणि मुलुंड-भांडुपला जिथे महावितरण आहे तिथे महानिर्मितीची चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही केंद्रे.

ट्रॉम्बेला प्रामुख्याने इंडोनेशियाचा कोळसा जहाजाने येतो. त्यात राख आणि गंधक दोन्ही कमी, म्हणून भर वस्तीतल्या केंद्राला तो सोयीचा. माहुल-चेंबूरच्या हवेसाठी हे ठीकच, पण हा कोळसा येतो तो बोर्निओ बेटावरच्या कालिमंतानमधून, तिथले वर्षावन साफ करून. खाण संपल्यावर खड्डे बुजवायचे असा तिथलाही कायदा आहे. पूर्व कालिमंतानमध्ये समरिंदा शहराच्या आसपास न बुजवलेले खड्डे पावसाच्या पाण्याने भरून तळी झाली आहेत आणि त्यांत पोहायला उतरलेली मुले बुडाल्याच्या घटना वर्षानुवर्षे घडत आल्या आहेत. काठ सरळ कापलेला, पाणी एकदम खोल, धरायला काही नाही.

चंद्रपूरचे मात्र आपल्याच राज्यातले आहे, म्हणून ते थोडे जवळून सांगतो. खुली खाण सुरू करताना आधी झाडे काढतात, मग वरची फूटभर सुपीक माती खरवडून वेगळी ठेवायची असते. गडबड बहुधा इथेच होते. ही माती वेगळी ठेवायला जागा आणि डम्परची वेगळी फेरी लागते, म्हणून ती बाकीच्या ओबीतच जाते. मग पुढे ढिगाऱ्यावर झाडे लावायची वेळ येते तेव्हा वर नुसता मुरूम आणि शेल या ठिसूळ खडकाचे तुकडे असतात. त्यात जगेल ते सुबाभूळ. त्यानंतर भोके पाडून सुरुंग, दुपारी ठरल्या वेळी ब्लास्टिंग, आणि शेजारच्या गावात भिंतींना तिरप्या भेगा. खाण खोल जाते तसे तळाशी जमणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. हे पाणी आजूबाजूच्या विहिरींचेच असते. खाण पन्नास-साठ मीटर खोल गेली की तिच्या भोवतालच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवतात, आणि शेतकऱ्याला खाणीतून उपसलेले पाणी ‘पुरवठा’ म्हणून मिळते.

ढिगारे हा सगळ्यात मोठा प्रश्न. नियमाप्रमाणे ते पायऱ्या-पायऱ्यांनी रचायचे, एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको, पायथ्याशी दगडी बांध आणि पाणी वळवणारा चर. विदर्भात या ढिगाऱ्यांत काळी माती खूप. ती पाणी पिऊन फुगते, साबणासारखी घसरते, आणि पायथा नदीकाठी असेल तर गाळ थेट पात्रात. इरई आणि वर्धा या नद्यांच्या काठाने वेकोलिचे (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचे) असे ढिगारे उभे आहेत. चंद्रपूर शहराला पुराचा फटका बसतो तेव्हा इरईच्या आकसलेल्या पात्राचा विषय दर वेळी निघतो, पाणी ओसरले की विषयही ओसरतो.

आणि जुन्या भुयारी खाणींचे काय होते? ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घूसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता सुमारे ७० फूट खाली गेले. घरातली माणसे वेळेत बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली ब्रिटिश काळापासूनच्या खाणीची पोकळी होती. अशा पोकळ्या वाळूने भरून घ्यायच्या असतात. भरल्या नाहीत, किंवा अर्ध्या भरल्या, की वरचे छत कधी बसेल हे कोणी सांगू शकत नाही. त्याच्या महिनाभर आधी, जुलैमध्ये, कोराडी केंद्राच्या खसाळा राखतळ्याचा बांध फुटून राखेचे पाणी शेतांत आणि नाल्यांत गेले. दोन गोण्या राख आपल्या घरात दिसत नाही याचे कारण ती तिथे साठलेली असते.

विदर्भाचा कोळसा पुरत नाही म्हणून महानिर्मितीला छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यात (आपला रायगड नव्हे) गारे पेल्मा सेक्टर-२ ही खाण मिळालेली आहे. तिचा कोळसा चंद्रपूर, कोराडी आणि परळीला यायचा आहे. तमनार तालुक्यातली १४ गावे तिच्या क्षेत्रात येतात. पर्यावरण मंजुरी राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२४ मध्ये रद्द केली, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने ती पुन्हा दिली, आणि जून २०२५ मध्ये पोलीस बंदोबस्तात झाडे तोडायला सुरुवात झाली. खाण महाराष्ट्र सरकारच्या कंपनीची, वीज महाराष्ट्राची. मुंबईत याबद्दल किती जणांनी ऐकले असेल, हे वाचकांनीच सांगावे.

आता घरात येऊ. कोळशाच्या दृष्टीने सगळी युनिटे सारखी नसतात. दुपारी राज्यात सौर वीज भरपूर असते, तेव्हा औष्णिक संच खाली आणतात, पण ५५ टक्क्यांच्या खाली सहसा नेता येत नाही, कारण बॉयलरची ज्वाला अस्थिर होते आणि तेल जाळून सांभाळावी लागते. संध्याकाळी सूर्य गेला की हेच संच पुन्हा वर चढवतात. जलविद्युत साधारण संध्याकाळच्या कमाल मागणीला खर्ची पडते. रात्री ११ नंतर मुंबईच्या बेडरूममधले एसी ज्यावर चालतात तो मुख्यतः कोळसा. म्हणून रात्रीचे वाचवलेले युनिट हे जवळजवळ अख्खे कोळशाचे युनिट. पाच लाख एसी सरासरी एक किलोवॉट ओढत असतील तर ५०० मेगावॉट झाले, म्हणजे ट्रॉम्बेचा मोठा संच. देशी कोळशावर तेवढा संच पूर्ण भाराने चालवायचा तर दिवसाला सात-आठ हजार टन लागतात, म्हणजे मालगाडीचे दोन रेक.

एसीत एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते. २० वर लावून पांघरूण घेण्यापेक्षा २६ वर ठेवून पंखा चालवला तर तीस टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. हे बहुतेकांना माहीत असते. मुंबईत खरे नुकसान होते ते बाहेरच्या युनिटमुळे, आणि त्याकडे कोणी बघत नाही. आपल्या इमारतींत आउटडोअर युनिट अरुंद डक्टमध्ये टांगतात. समोरच्या घराचे युनिटही त्याच डक्टमध्ये, तोंडासमोर तोंड. एकाने फेकलेली गरम हवा दुसरा ओढतो. डक्टमधले तापमान रस्त्यापेक्षा सात-आठ अंशांनी चढलेले असले तर कॉम्प्रेसरला तेवढा जास्त दाब चढवावा लागतो. जाळीला कबुतरांची पिसे आणि धूळ चिकटलेली, समुद्राजवळ अॅल्युमिनियमचे पंख खाऱ्या हवेने पिठासारखे झडलेले. आतले फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुणारे घर बाहेरची कॉइल तीन-तीन वर्षे धूत नाही. सर्व्हिसवाल्याला आधीच सांगा की बाहेरची कॉइल पंपाच्या पाण्याने धुऊन हवी, आणि तांब्याच्या नळीवरचा काळा फोम उन्हाने भुगा झाला असेल तर तो बदलून हवा. डक्टऐवजी मोकळ्या भिंतीची परवानगी सोसायटीने दिली तर उत्तमच.

दुसरी चूक खरेदीतली. १०० ते १२० चौरस फुटांच्या बेडरूमला एक टन पुरतो. दुकानदार दीड टन गळ्यात मारतो, खोली पाच मिनिटांत गार होते, कॉम्प्रेसर थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. मग माणूस तापमान आणखी खाली नेतो. लेबलवरचे वार्षिक युनिट १,६०० तासांच्या वापराचे असतात. मार्च ते जून आणि ऑक्टोबर एवढेच महिने रोज आठ तास धरले तरी १,२०० तास होतात, दुपारीही लावणाऱ्यांनी त्यापुढे मोजावे. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री एकपर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीला पांढरा चायना मोझॅक असेल आणि तो शेवाळाने काळा पडला असेल, तर एप्रिलआधी घासून घ्यावा. त्याचा परिणाम त्याच रात्री खोलीत कळतो.

पंख्याकडे कमी लेखून पाहू नये. ७५ वॉटचे चार पंखे रोज १४ तास चालले तर महिन्याला १२६ युनिट. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, तेच काम ५० युनिटमध्ये. म्हणजे महिन्याला ५७ किलो कोळसा कमी. तीनशे युनिटच्या वरच्या टप्प्यात असलेल्या घराचा पंखा दीडेक वर्षात पैसे वसूल करतो. बसवताना एक लक्षात ठेवावे: बीएलडीसी पंखा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरमधून चालवायचा नाही. रेग्युलेटर वगळून थेट स्विचला जोडायचा, नाहीतर आतला सर्किट बोर्ड जळतो आणि दोष पंख्याला लागतो. नवा पंखा घ्यायचा नसेल आणि जुना पाचवर ठेवूनही रेंगाळत असेल, तर आधी त्याचा कपॅसिटर बदलून बघा. बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. काही वर्षांत तो निम्म्यावर येतो, पंखा सावकाश फिरतो, आणि त्याची भरपाई घर एसीने करते.

सोसायटीचा पंप हा वेगळाच अध्याय आहे. १,००० लिटर पाणी ३० मीटर चढवायला हिशेबाने ०.०८ युनिट पुरते. पंप आणि मोटर मिळून ३५ ते ४० टक्के कार्यक्षमता धरली तर ०.२० ते ०.२५. साठ घरांच्या सात मजली इमारतीला रोज ३६,००० लिटर लागत असतील तर पंपाला आठ-नऊ युनिट पुरेत. अठरा-वीस जात असतील तर काहीतरी बिघडलेले आहे. तपासणे सोपे: दुपारी वीस मिनिटे लिफ्ट बंद ठेवा, वरच्या टाकीची खाली जाणारी चावी बंद करा, कॉमन मीटरचे वाचन घ्या, पंप चालवा. ४ बाय ३ मीटरच्या टाकीत पाणी ५० सेंटिमीटर चढले की ६,००० लिटर झाले. मीटर सव्वा ते दीड युनिट सरकलेला असावा. अडीचच्या वर गेला तर पहिला संशय नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर: तो गळत असला की पंप थांबताच उभ्या पाइपमधले पाणी पुन्हा खालच्या टाकीत उतरते. दुसरा, घासलेल्या इम्पेलरवर (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकावर). तिसरा, दोन-तीनदा रिवाइंडिंग झालेल्या मोटरवर. चौथा संशय समितीवर, कारण मागचा पंप जळाल्यावर ‘या वेळी मोठाच बसवू’ म्हणून गरजेच्या दीडपट पंप आणलेला असतो आणि मग चावी अर्धी बंद करून तो चालवतात. फ्लोट स्विच अडकून गच्चीवरून पाणी वाहत असेल तर ते वर चढवलेले कोळशासकट वाहत असते. पंप शक्यतो सकाळी १० ते दुपारी ३ या वेळेत चालवावा, म्हणजे निदान सौर वीज वापरली जाईल.

गच्चीवरच्या सौर पॅनेलबद्दल थोडक्यात. किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाला १,३०० युनिटच्या आसपास मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना कॉमन वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली डिसेंबरात कुठे पडते ते आधी पाहा. बोल्ट ठोकून वॉटरप्रूफिंग फोडू देऊ नका, काँक्रीटचे ठोकळे वापरायला सांगा. पण पॅनेल बसवून कॉमन बिल शून्यावर आले म्हणून कोळसा सुटला असे समजू नये. नेट मीटर दुपारचे युनिट रात्रीच्या युनिटातून वजा करतो, तो कागदावर. रात्रीचा एसी तरीही ट्रॉम्बे, डहाणू किंवा चंद्रपूरच्याच जिवावर असतो. जादा दर भरून घेतलेल्या ‘हरित’ विजेलाही हेच लागू.

आमची मागणी साधी आहे. बिलावर इंधन समायोजन आकार पैशांत छापतात. तो काढण्यासाठी किती कोळसा जळला, कोणत्या प्रतीचा आणि कोणत्या किमतीचा, हा तपशील कंपन्या वीज नियामक आयोगाकडे देतातच. त्याच तपशिलावरून बिलावर दोन ओळी याव्यात: ‘आपल्या या महिन्याच्या वापरामागे कोळसा इतके किलो’ आणि ‘कोळसा कोणत्या खाणक्षेत्रातून’. शाईशिवाय कसलाही खर्च नाही. दरनिश्चितीच्या वेळी आयोग हरकती आणि सूचना मागवतो. त्या कोणीही ग्राहक कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या कार्यालयात लेखी देऊ शकतो आणि सुनावणीत बोलूही शकतो. दरवाढीविरुद्ध तिथे अर्ज येतात. पुढच्या सुनावणीला या दोन ओळींसाठी आमचा अर्ज असेल. ज्या सोसायट्यांना त्यावर सही करायची असेल, त्यांनी वार्षिक सभेत तसा ठराव करून त्याची प्रत अर्जाला जोडावी.

आपले,
मुलुंड, भांडुप व चेंबूर येथील काही निवृत्त वीज व खाण अभियंते